साठीनंतर नाताळच्या मदतफेरीत उतरायचंय? मग हे वाचा

दिवाळी झाली की बऱ्याच चर्चमध्ये भक्तीनंतर अनाउन्समेंट होते, नाताळसाठी गरजू घरांना मदत गोळा करायची आहे, नावं द्या. आणि दरवर्षी नावं येतात ती तरुण संघाच्या दोनचार पोरांची आणि महिला मंडळातल्या त्याच त्या बायकांची. मागच्या बाकांवरची रिटायर मंडळी गप्प बसतात कारण त्यांना वाटतं हे दारोदार फिरायचं काम, आपले गुडघे आता कुठं साथ देतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, या कामात आहे म्हणून सांगते की यात पायांचा नंबर लई मागचा आहे. मदत गोळा करायला विश्वास लागतो, आणि तो साठीच्या पुढच्या माणसाकडं जेवढा असतो तेवढा बावीस वर्षांच्या पोराकडं नसतो, त्यात त्या पोराचा काही दोष नाही. तुम्ही एका गावात आयुष्य काढलंय, कुणाच्या पोराला शिकवलंय, कुणाच्या आईला सलाईन लावलंय, कुणाची मनीऑर्डर घरपोच दिली आहे, तुम्ही दारात उभे राहिलात की लोक आधी आत या म्हणतात आणि मग काय काम ते विचारतात. ही ओळख कामाला लावायची आणि तिच्यावर डाग पडू द्यायचा नाही, माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे.

कधी सुरू करायचं

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो. त्याच्या आधी तुमचं नाव, काम आणि जोडीदार ठरलेला पाहिजे. खूप ठिकाणी १५ डिसेंबरला मीटिंग होते, २० तारखेला देणगीचे डबे फिरतात आणि २४ ला रात्री कॅरोलच्या गडबडीत कुणीतरी कुणाच्या तरी घरी पिशवी टाकून येतं, ह्याला मदत म्हणायचं का मला सांगा. त्या घरातल्या बाईला करंज्या कधी करायच्या, पोराला कपडा होतोय का ते कधी बघायचं.

डिसेंबरचा पहिला आठवडा गोळा करायला सगळ्यात चांगला, नोकरीवाल्यांचा पगार आणि आपल्यासारख्यांची पेन्शन तेव्हा नुकतीच जमा झालेली असते. खेड्याकडच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, हातात थोडा पैसा फिरत असतो, पण ते साल कसं गेलं ते बघूनच विचारायचं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडं जमिनी खरवडून गेल्या, अशा वर्षी जो माणूस गेल्या साली देणारा होता तोच यंदा घेणारा असू शकतो, आणि तो स्वतःहून सांगणार नाही. हे ओळखायला तरुण पोरांपेक्षा तुमची नजर जास्त कामाची.

थंडीचं वेगळं. परभणीकडं डिसेंबरात पारा पाच सहा अंशांपर्यंत खाली येतो, म्हणून रग आणि स्वेटरसाठी २५ तारखेची वाट बघत बसू नका, ते जमा होतील तसे लगेच वाटून टाका. किराणा नाताळच्या चारपाच दिवस आधी पोचला पाहिजे.

पाळकांशी बोलताना काम आधी ठरवून जा

"काही सेवा असली तर सांगा" असं मोघम बोलून आलात की काहीच मिळत नाही किंवा मग गर्दीत खुर्च्या मांडायचं काम मिळतं. पाळकसाहेबांना नाहीतर फादरना भेटून नेमकं सांगा की मी हे करीन, ह्या वेळात करीन आणि हे मला जमणार नाही. जमणार नाही ते सांगण्यात कमीपणा नाही, उलट त्यामुळं त्यांना माणसं लावायला सोपं जातं.

कामं किती प्रकारची असतात ते ऐका. फोन लावणं, हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फळ देणारं काम आहे, घरात खुर्चीवर बसून होतं. पुण्याला, मुंबईला गेलेली आपल्याच मंडळीतली पोरं, त्यांचे आईबाप इथल्याच स्मशानात झोपलेत, त्यांना व्हॉट्सअपवर चर्चचा फोटो आणि मेसेज पाठवला तर दहातला एखादा देतो, पण बाईंचा किंवा गुरुजींचा फोन गेला की सहसा कुणी नाही म्हणत नाही. दुसरं म्हणजे भक्तीनंतर दारात टेबल टाकून पावत्या फाडणं, अक्षर चांगलं असलेल्या माणसानं हे घ्यावं. तिसरं, मोजणी. चौथं, कपडे निवडणं आणि घड्या घालणं. पाचवं, याद्या करणं, ज्याच्याबद्दल पुढं सविस्तर सांगते. आणि मग घरोघर जाणं.

मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, खरेदी रिटायर पुरुष मंडळींनी घ्यावी असं माझं मत आहे. ज्यानं आयुष्यभर घरचा वर्षाचा किराणा मोंढ्यातून भरलाय त्याला भाव कळतो, कुठला व्यापारी चर्चचं काम म्हटल्यावर तूरडाळीत चार रुपये सोडतो तेही कळतं. पोती उचलायला मात्र पोरं सोबत न्या, पन्नास किलोच्या पोत्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

तब्येतीचं गणित

सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ ठरवून घ्या, ऊन अंगावर असतं, दिसतं नीट, आणि अंधार पडायच्या आत घरी येता. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर यंदा फोनवरचंच काम घ्या. रात्रीच्या कॅरोलमध्ये गाडीवर मागं बसून गावभर फिरायचा मोह होतो, मलाही गाणी म्हणायला लई आवडतं, पण बारा वाजता मोकळ्या जीपमधे थंडी खाऊन नाताळच्या दिवशी अंथरुणात पडायचं यात काही अर्थ नाही. दोन घरं जवळची घ्या, गाणी म्हणा आणि परत या. स्पीकर लावणार असतील तर रात्री १० नंतर तो बंद, नाताळसाठी प्रशासनानं त्या वर्षी मुदत वाढवली असेल तरच पुढं, हे पोरांना आठवण करून देणं आपलंच काम.

शुगर असलेल्यांनी एक पक्कं करा, खाऊन निघायचं, गोळी घेऊन निघायचं आणि पिशवीत बिस्किट, पाणी ठेवायचं. घरोघर गेलं की चहा आणि फराळ पुढं येतो, नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं. मी सरळ सांगते की बाई, एक चकली पिशवीत बांधून दे, घरी खाते. तिचंही मन राहतं आणि आपलीही शुगर राहते.

बाहेरगावच्या मंडळीत जायचं असेल तर एसटीत ७५ च्या पुढं प्रवास फुकट आहे, ६५ ते ७४ ला अर्धं तिकीट, बायकांना तसंही अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ असू द्या. रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून गेले तर ते लिहून ठेवा, मागायचे की नाही ते नंतर बघा, पण गोळा झालेल्या पैशातून परस्पर रिक्षावाल्याला देऊ नका, एक रुपयाही नाही.

घरची पोरं सुना म्हणतात आई घरी बसा, कशाला उगीच. त्यांच्याशी भांडू नका. कुठं जाणार, कुणासोबत, किती वाजता येणार हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, बघा निम्मा विरोध तिथंच संपतो.

जोडी जमवा, पण सारख्या वयाची नको

एक म्हातारं, एक तरुण. ही जोडी सगळ्यात चांगली चालते. तरुण पोरीकडं स्कूटी असते, मोबाईल नीट चालवता येतो, जिना चढून वर बघून येते. तुमच्याकडं ओळख असते. जालन्यासारख्या गावात, जिथं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात मिशनचं काम उभं केलं आणि शेजारी बेथेल हे गाव वसवलं, तिथल्या जुन्या माणसाला घराण्यांची पिढ्यांची माहिती असते, कोण कुणाचा कोण, कुठल्या घरात दोन भाऊ बोलत नाहीत म्हणून दोघांकडं वेगवेगळं जायचं, कोणाच्या घरी यंदा मयत झालीय म्हणून पैशाचा विषय काढायचाच नाही. पोरीला हे कुठून कळणार. ती चार घरं तुमच्यासोबत फिरली की तिलाही ते कळायला लागतं आणि पुढल्या साली ती एकटी जाऊ शकते.

मागायचं कसं

चुकीचं असं की दारात उभं राहून "नाताळची वर्गणी" म्हणणं. वर्गणी म्हटलं की माणूस दहा वीस काढून हातावर ठेवतो आणि दार लावतो. मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या, एका कॅप्टननं १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं म्हणून रस्त्यावर एक भांडं ठेवलं आणि त्यातून तो डब्याचा प्रकार जगभर गेला, तो चालला याचं एक कारण मला असं वाटतं की भांडं बघूनच कळत होतं पैसा कशाला पाहिजे. तसं आपणही सांगावं. "आपल्या मंडळीतल्या आणि वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नाताळचा किराणा आणि एक रग द्यायचाय, एका घराचा खर्च एवढा येतो, तुम्हाला त्यातलं काय जमेल?" हे एवढं वाक्य. खर्चाचा आकडा त्या वर्षीच्या मोंढ्याच्या भावानं आधी काढून ठेवा, अंदाजे बोलू नका. आकडा ऐकला की कुणी म्हणतं अख्ख्या घराचं मी देतो, कुणी म्हणतं आमच्याकडून डाळ घ्या.

मग गप्प बसायचं. हे लई अवघड जातं आपल्याला, विशेषतः शिक्षकांना, पण विचारून झालं की समोरच्याला विचार करू द्या. नाही म्हणाला तर "बरं बरं, काही हरकत नाही, पोरं कशी आहेत" म्हणून पाच मिनिटं बसून उठायचं. पैसे दिले नाहीत म्हणून पाणी न पिता निघालात तर तो माणूस पुढल्या साली दारच उघडणार नाही.

एक बाई मला म्हणाल्या होत्या, "बाई, पैसे नाहीत ओ, पण मी पंचवीस घरांच्या करंज्या भरून देते, मैदा तेवढा आणून द्या." अशा लोकांना पैसे देणाऱ्यांच्याच यादीत लिहा. ज्यांच्याकडं रोख नाही त्यांच्याकडं पायलीभर ज्वारी असते, घरची तूर असते, वेळ असतो. मिझोरामच्या चर्चमध्ये बायका १९१० पासून रोज स्वयंपाक करताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि ते चर्चला देतात, त्यातून केवढी मोठमोठी कामं झालीत तिथं. आपल्याकडं आगमनकाळाच्या चार आठवड्यांत प्रत्येक घरानं रोज एक मूठ ज्वारी किंवा डाळ वेगळी काढली तर काय होईल, महिला मंडळानं हे एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पिशव्या आधीच वाटून टाका, त्यावर नाव लिहू नका म्हणजे कुणाची मूठ मोठी कुणाची लहान हा विषयच येत नाही.

चर्चच्या बाहेरच्या शेजाऱ्यांकडं मागावं का? ओळखीच्यांकडं जरूर जावं. आमच्याकडं शेजारचे ईदला शिरखुर्मा पाठवतात, दिवाळीचं ताट येतं, आपल्या करंज्या त्यांच्याकडं जातात, त्या नात्यात नाताळची मदत मागितली तर लोक आनंदानं देतात. फक्त चर्चच्या लेटरहेडवरचं पत्र जवळ ठेवा आणि कशासाठी गोळा करतोय ते स्वच्छ सांगा. आणि मदतीच्या पिशवीत धर्माची पत्रकं घालू नका. भुकेल्या माणसाला पीठ देताना त्याच्याकडून दुसरं काही अपेक्षित आहे असं त्याला जरासुद्धा वाटता कामा नये, येशूनं पाच भाकरी वाटताना कुणाला नाव गाव विचारलं नव्हतं.

पैशाचा व्यवहार, इथं कडक राहा

प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या मदतीबद्दल लिहिलंय, तिथं तो सांगतो की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी आम्हाला नाव ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि तो आपल्या तीत नावाच्या सोबत्याबरोबर आणखी भाऊ पाठवतो. प्रेषिताला जी काळजी घ्यावी वाटली ती आपण घ्यायची नाही म्हणजे काय. "आपल्याच माणसावर संशय घेता का" असं कुणी म्हटलं तर हाच अध्याय काढून दाखवा.

डबा कुलूपबंद, चावी खजिनदाराकडं, डबा दुसऱ्याकडं. मोजायला दोन माणसं, आणि ती एका घरातली नकोत, नवराबायको, सासूसून चालणार नाही. ज्या दिवशी गोळा झालं त्याच दिवशी मोजायचं, नोटा किती, नाणी किती असं लिहायचं, दोघांच्या सह्या आणि पैसे खजिनदाराच्या हाती किंवा बँकेत. रात्रभर घरी ठेवायचे नाहीत. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी देणगीचे पैसे आहेत ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही, त्यातला धोका समजून घ्या.

पावतीपुस्तक नंबरचं आणि कार्बनचं. दहा रुपये दिले तरी पावती. कोऱ्या पावतीवर सही करून पोरांकडं देऊ नका. पावती खराब झाली तर फाडून फेकायची नाही, त्यावर रद्द लिहून पुस्तकातच ठेवायची.

क्यूआर कोड चर्चच्या ट्रस्टच्या बँक खात्याचाच पाहिजे, कुणाच्या पर्सनल नंबरचा नको, तो माणूस कितीही चांगला असला तरी. पैसे पाठवले म्हणून कुणी स्क्रीनशॉट दाखवला तर तेवढ्यावर पावती फाडू नका, खजिनदाराला फोन करून खात्यात आले का ते विचारा. आणि हे पाठ करून ठेवा की पैसे यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. "आज्जी मी पाच हजार देणगी पाठवायलोय, फक्त हा पिन टाका" असा फोन आला की लगेच ठेवून द्यायचा. काही गडबड झालीच तर लाजून गप्प बसू नका, १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जेवढ्या लवकर फोन तेवढी पैसे थांबायची शक्यता जास्त.

तीन कायदेशीर गोष्टी तोंडपाठ असलेल्या बऱ्या, कारण रिटायर बँकवाले आणि वकील हमखास विचारतात. एक, ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला असला पाहिजे, महाराष्ट्रात त्यासाठी १९५० चा कायदा आहे. तुमच्या चारपाच मित्रांचा नुसता ग्रुप असेल तर लोकांकडून गोळा करायच्या आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणपती मंडळं घेतात तशी. म्हणून चर्चच्या नावानंच काम करा, वेगळी चूल नको. दोन, इन्कम टॅक्सची सूट. संस्थेला ८०जीची मान्यता असेल तरच ती मिळते, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर मिळत नाही आणि नवीन कर प्रणाली निवडलेल्याला तर मिळतच नाही. मान्यता नसेल तर "बघू, मिळेल" असं म्हणू नका, नाही म्हणून सांगा.

तिसरी, परदेशातल्या नातेवाईकाची. अमेरिकेतला पुतण्या पाठवतो म्हणाला की आपल्याला आनंद होतो, पण आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, आणि ती घ्यायला संस्थेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, पैसाही दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठराविक खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसेल तर प्रेमानं नाही म्हणा. तो गावी आला की त्याच्या हातून रोख घेऊ असली पळवाट काढू नका, उद्या चौकशी आली तर पाळकांना उत्तरं द्यावी लागतात.

कपडे आणि किराणा

कपड्यांबद्दल एकच कसोटी, हा कपडा आपल्या सख्ख्या भावाच्या पोराला नाताळच्या दिवशी घालायला देऊ का. उत्तर नाही आलं की तो बाजूला. धुतलेला, बटणं असलेला, चेन चालणारा. देणारा दुखावेल म्हणून सगळं घेतलं जातं आणि मग चर्चच्या हॉलमधे ढीग पडतो, त्यापेक्षा फोन करतानाच सांगून टाका की यंदा फक्त गरम कपडे, रग आणि लहान पोरांचे कपडे घेतोय. म्हाताऱ्या बायकांसाठी नऊवारी कुणी देत नाही, सगळे पाचवारी साड्या आणून टाकतात, आणि खेड्यातली सत्तरीची बाई पाचवारी नेसत नाही. त्यासाठी वेगळे पैसे ठेवून नवीन लुगडीच घ्या.

किराण्यात ज्वारी किंवा गहू, तूरडाळ, तेल, साखर, गूळ, चहापत्ती, मीठ, साबण. आणि ह्याशिवाय रवा, मैदा, सुकं खोबरं, थोडं तूप किंवा डालडा. तयार फराळाचा बॉक्स द्यायला सोपा असतो हे खरं, पण ज्या घरात तळणीचा वास येतो त्या घरात नाताळ आलाय असं वाटतं, शेजारणीला आपल्या हातची करंजी देता येते. ज्यांना करवत नाही, हात थरथरतात, एकटे आहेत, त्यांना मात्र तयार द्या, आणि शुगरवाल्यांना चकली, शेव द्या, सगळ्यांना अनारसेच नकोत.

यादी, हे खरं अवघड काम

यादीत कुणाचं नाव घालायचं यावरून चर्चमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी पैशावरून होत नाहीत. तुम्ही रिटायर आहात, तुम्हाला निवडणूक लढवायची नाही, तुमचं पोरगं कमिटीत नाही, असं असेल तर यादी तुम्हीच करावी. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून तीच उतरवायची नाही. कुणाचं पोरगं नोकरीला लागलं असेल, कुणाचा नवरा गेला असेल.

मराठवाड्यात डिसेंबरची एक वेगळी गोष्ट आहे जी शहरातल्या चर्चना पटकन लक्षात येत नाही. बीडकडून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि गावात राहतात म्हातारे आईबाप, कधी त्यांच्याजवळ शाळेतली नातवंडं. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेऊन खर्च झालेली असते. ती माणसं पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत येतात. ह्या घरांत सण म्हणून कुणी येतच नाही. ती घरं ख्रिस्ती असोत नसोत, यादीत वर घ्या.

बाकी कोण? भाड्यानं राहणारी विधवा, डायलिसिसवर माणूस असलेलं घर, ज्यांची पोरं आहेत पण बघत नाहीत असे आईबाप, हे तर कधीच सांगणार नाहीत कारण त्यात पोरांची बदनामी. शेजाऱ्याला विचारू नका, स्वतः जाऊन बसा. चूल, डबे, औषधाच्या पाकिटावरची तारीख, वीज चालू आहे की तोडलीय, हे दिसतं. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधारचे पैसे येत होते आणि बंद झालेत असं कळलं तर ते लिहून घ्या, बहुतेक वेळा आधार नाहीतर बँकेच्या केवायसीत अडकलेलं असतं, आणि तहसीलला सोबत जाऊन ते सुरू करून दिलं तर ती मदत एका पिशवीपेक्षा कितीतरी मोठी होते.

यादी दोन माणसांनी आणि पाळकांनी बघायची, बस. व्हॉट्सअप ग्रुपवर नाही, नोटीस बोर्डावर नाही.

देताना घरी जाऊन द्या, स्टेजवर बोलावून देऊ नका. फोटो काढू नका. देणगीदार फोटो मागतात हे मला माहीत आहे, त्यांना भरलेल्या पिशव्यांचा फोटो पाठवा, घेणाऱ्याचा नको. जी बाई काल आपल्या शेजारी बाकावर बसून गात होती तिचा हात पसरलेला फोटो तिच्या जावयाच्या मोबाईलवर गेला तर तिला काय वाटेल याचा विचार करा. पिशवी देताना "चर्चनं पाठवलंय, तुमचा हक्काचा वाटा" एवढं म्हणा, बसा, एक गाणं म्हणा त्यांना आवडत असेल तर, प्रार्थना त्यांनी सांगितली तर करा. तिथं दहा मिनिटं कमी पडतात. घाई असेल तर त्या दिवशी कमी घरं घ्या, कारण ज्याच्या घरी वर्षभर कुणी आलं नाही त्याला पिशवीपेक्षा तुम्ही बसलात याची जास्त गरज असते, आणि आपल्याकडं रिटायर झाल्यावर वेळच तर आहे.

पहिला नाताळ एकट्यानं काढत असाल तर

हे खास त्यांच्यासाठी ज्यांचा जोडीदार याच वर्षी गेला. लोक म्हणतात कामात मन गुंतव, सेवा कर, बरं वाटेल. वाटतं, पण कुठलं काम ते बघून घ्या. घरोघर फिरलात की प्रत्येक दारात तोच विषय निघतो, "दादा गेले ना ओ, कसं झालं हे", आणि दहाव्या घरापर्यंत माणूस पार रिकामं होऊन जातं. त्यापेक्षा पहिल्या वर्षी पिशव्या भरायला, घड्या घालायला या. चारचौघांत हात चालू असतात, बोलावं वाटलं तर बोलता येतं, नाही वाटलं तर गप्प बसून डाळ मोजता येते, कुणी काही म्हणत नाही. रडू आलं तर हॉलमधेच येऊ द्या, तिथं बसलेल्या निम्म्या बायका ह्यातूनच गेलेल्या आहेत. आणि २५ तारखेला दुपारचं जेवण कुणाकडं ते आधीच ठरवून ठेवा, भक्ती संपल्यावर सगळे आपापल्या घरी जातात ती वेळ फार जड जाते. कमिटीतल्या लोकांनो, तुम्हीच पुढं होऊन बोलवा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

नाताळ झाल्यावर

काम २५ ला संपत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीला किंवा नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी हिशोब वाचून दाखवा. एकूण रोख किती आली, खात्यात किती आली, धान्य किती, किती घरांना काय दिलं, खर्च कशावर, शिल्लक किती. देणाऱ्यांची नावं आणि पुढं आकडे असं वाचायची पद्धत काही ठिकाणी आहे, मला ती आवडत नाही, पन्नास रुपये देणाऱ्या विधवेचं नाव पाच हजारवाल्यानंतर वाचलं गेलं की ती पुढल्या साली देताना अवघडते. सगळ्यांचे एकत्र आभार माना, पावती प्रत्येकाकडं आहेच. हिशोबाचा एक कागद पुढचा महिनाभर बोर्डावर लावून ठेवा, आणि कुणी प्रश्न विचारला तर चिडू नका, वही उघडून दाखवा.

शिल्लक राहिली तर ती कशाला वापरायची ते कमिटीच्या ठरावात लिहून घ्या, एखाद्या आजारी माणसाची औषधं, मार्चमधे पोरांच्या परीक्षेची फी, काहीही असो पण लिहिलेलं पाहिजे. ज्यांनी फोनवर देणगी दिली त्यांना जानेवारीत परत एक फोन करा, तेव्हा काही मागू नका, फक्त काय झालं ते सांगा, कुठल्या गावात किती रग गेले, ज्वारीचा भाव काय लागला. सोबत फिरलेल्या पोरीकडून यादीतल्या नोंदी नीट उतरवून घ्या, कुणाचं घर बदललंय, कुणाला पुढल्या वर्षी गरज नाही. वही, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं, डब्याची चावी, सगळं खजिनदाराला देऊन त्याची सही घ्या, घरच्या कपाटात काही ठेवू नका.